चारी जमिनी

माझा बाप्तिस्मा वर्षाहून जास्त लांबला, कारण परीक्षेत मी पाठ केलेलं उत्तर द्यायला नाही म्हटलं. आता मंडळीतल्या पोरी म्हणतात, आजी, एवढ्याशा गोष्टीसाठी वर्ष घालवलं? पोरींनो, गोष्ट एवढीशी नव्हती. तुम्हाला शिकवणारा ज्या दारातून आत घेतो, त्याच दारात तो तुमच्याकडून खोटं बोलवून घेत असेल, तर त्या घराला घर कसं म्हणायचं?

ते कापसाचे दिवस होते. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई पेटली होती, आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला की लोकांनी ज्वारीची वावरं मोडून कापूस पेरला. मी वलगावजवळच्या एका खेड्यात विधवा म्हणून नांदत होते. दीर-जाऊ एका घरात, आणि माझ्या वाट्याला नाल्याकाठचा एक तुकडा. दुपारी आम्ही बाया ओसरीत चरकीवर बसून सरकी काढायचो. तिथंच एक दिवस शुभवर्तमान आलं. अमरावतीच्या प्रार्थनाघरातले उपदेशक गावोगाव फिरायचे. नगरकडचे, शिकलेले, स्वच्छ धोतराचे. त्यांनी पेरणाऱ्याचा दाखला वाचला. पेरणारा पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत.

बाया हसल्या. आमच्याकडं तिफणीमागं सरत्याची नळी बांधतात आणि बाई एकेक दाणा मोजल्यासारखा त्यात सोडते. वाटेवर बी टाकणारा शेतकरी आम्ही पाहिला नव्हता. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, याच्या घरी बियाचं कोठार भरलं असेल नाही तर डोकं रिकामं असेल. उपदेशकांना राग आला. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. म्हातारीचं पहिलं बोलणं डोक्यातून जाईना. कोठारच भरलेलं असेल तर? वाट पाहून, खडक पाहून हात आखडत नाही, असा हा कोण पेरणारा?

मग मी अमरावतीला प्रार्थनेला जाऊ लागले. वाचायला कोणी शिकवलं नाही. ऐकून ऐकून जे पाठ झालं होतं, तेच पुस्तकात शोधायचं आणि अक्षर ओळखायचं, असं करत मी वाचू लागले. एकदा मंडळीत जेवले आणि घरी कळलं. जावेनं माझं ताट, तांब्या, चूल वेगळी काढून दिली. मी रडले नाही. म्हटलं, दोन महिन्यांत बाप्तिस्मा होईल, मग माझी माणसं असतील.

परीक्षेला आम्ही चौघी होतो, ती शेजारची म्हातारीही त्यांत. पादरीसाहेब खुर्चीवर, आणि सवाल उपदेशक विचारत होते. दाखल्याची पाळी आली. बी म्हणजे काय, देवाचं वचन. पेरणारा कोण, प्रभू. मग त्यांनी प्रत्येकीला विचारलं, तुम्ही कोणती जमीन? शिकवलेलं उत्तर होतं, प्रभूच्या कृपेनं मी चांगली जमीन. तिघींनी ते धाडधाड म्हटलं. मग माझ्याकडं पाहिलं.

त्याच सकाळी पाण्यावरून मी जावेशी भांडून आले होते, आणि अजून मनात तिला शिव्या देत होते. मी कोणत्या तोंडानं चांगली जमीन म्हणू? मी म्हटलं, "मास्तर, चारी."

"चारी म्हणजे?"

"एकाच वावरात चारी असतात. धुऱ्यावरून पायवाट जाते, टेकाडाकडं मुरूम वर येते, नाल्याकडं कुंद्याचं तण माजते, अन् मधात काळी. माह्या वावरात चारी हायेत. माह्या मनात बी तसंच."

उपदेशक म्हणाले, दाखल्याचा अर्थ प्रभूनं स्वतः शिष्यांना सांगितला आहे, त्याला आपली पुरवणी जोडायची नसते. हा नियम चांगला आहे, मी आजही तो पाळते. पण प्रभूनं काय सांगितलं ते नीट पाहावं की नाही? मी म्हटलं, "प्रभूनं बियाचं काय झालं ते सांगतलं. वाट सदा वाटच राहीन, असं कुठं सांगतलं?"

शेजारची म्हातारी माझा पदर ओढून कुजबुजली, "बोलून टाक ना वं. तुले काय लागते?" मला खूप काही लागत होतं. मी तिच्या हातातून पदर सोडवला. उपदेशकांनी साहेबांना सांगितलं की बाईच्या मनात संसाराचे काटे आहेत, कापसाच्या पैशानं वचन गुदमरलं आहे. तिघींचा बाप्तिस्मा झाला. मी मागं बसून पाहिला.

घरी आले तर जाऊ दारातच उभी. "इकडचं गेलं, तिकडचं आलं नाही. आता काय धुऱ्यावर बसशीन?" धुरा म्हणजे बांध, ना या वावरातला ना त्या. खरं तेच होतं. सणाला कोणी बोलवेना, मंडळीत प्रभूच्या मेजाशी बसता येईना. दुखणं आलं तर पाणी द्यायला कोण, हेही ठाऊक नव्हतं. उपदेशकांचं उत्तर म्हटलं असतं तर हे सगळं टळलं असतं. दहा वेळा मनात आलं. दहाही वेळा मी नाही म्हटलं.

उपदेशकच आम्हाला सांगायचे, शास्त्राचा अर्थ शास्त्रानंच लावावा. मग मी तेच केलं. अख्खा हिवाळा पुस्तक चाचपत राहिले, आणि एक दिवस अंजिराच्या झाडापाशी पोचले. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. वाचून मी उठूनच उभी राहिले. प्रभूच्या तोंडी खणणं आहे, खत आहे. म्हणजे जमीन सुधारते. ज्याला सुधारायचीच नाही, तो कशाला खत घालेल?

रविवारी प्रार्थना झाल्यावर मी पुस्तक उपदेशकांपुढं धरलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "ठीक आहे बाई. अंजिराला एक वर्ष मिळालं, तुम्हालाही एक वर्ष." त्यांना वाटलं, माझंच औत माझ्या पायावर आणलं.

मी म्हटलं, "चालते. पण झाडानं सोताले खणलं नाही, मास्तर. माळ्यानं खणलं. तवा येत जा मंग."

माणूस शब्दाला पक्का होता, हे मी आजही सांगेन. ते दर आठवड्याला यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मी नाल्याकाठी कुंदा खणत होते. कुंद्याची मुळी कमरेइतकी खोल जाते. वरून कापला तर पुन्हा फुटतो. मी दुसरी कुदळ त्यांच्या हाती दिली. त्यांनी घेतली, तास-दीड तास खणलं, आणि खड्ड्यात वाकून म्हणाले, हे इतकं खोल असतं होय. मी म्हटलं, असतं. त्या दिवशी त्यांनी उपदेश केला नाही. पुढं ते ओसरीवर बसून वाचायचे, आम्ही अर्थावरून भांडायचो, आणि जाऊ आतून कान देऊन ऐकायची. मी तिची क्षमा मागितली. तिनं ताट काही परत दिलं नाही, पण पाण्याची भांडणं थांबली.

वर्षानं पुन्हा परीक्षा झाली. तेच साहेब, तेच सवाल. बी, पेरणारा, आज्ञा, प्रार्थना. आणि जमिनीचा सवाल उपदेशकांनी गाळला. सरळ पुढं गेले. मला आत न्यायचं, पण माझं उत्तर बाहेर ठेवून. मी म्हटलं, "मास्तर, एक सवाल राहिला." आणि कोणी विचारायच्या आत सांगितलं, चारी.

साहेबांनी उपदेशकांकडं पाहिलं. या बाई काय म्हणतात, असं विचारलं.

"साहेब, हे उत्तर आपण शिकवलेलं नाही," ते म्हणाले. "पण ते खरं आहे."

"मंग गेल्या साली काहून नोतं?"

साहेबांना माझी बोली कळली नाही. उपदेशकांना कळली. ते साहेबांकडून माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "तेव्हाही होतं. पुढं या, बाई."

मी गेले.