लॉन तुडवलं, मिठागरासारखं

मंडळी, दुपारपासून नुसता आत-बाहेर करतोय. कुणाला तरी सांगायलाच हवं.

थंडीच्या कोरड्या वाऱ्याने आमच्या भाईंदरच्या घरापुढचं लॉन पिवळं पडलं, मधे तर चक्क टक्कल. होळी झाली, म्हणून आज नवी माती टाकली, गवताचे ठोंब लावले आणि अनवाणी पायांनी सगळं तुडवत राहिलो. मग पाणी सोडलं, तर त्याचं वरच तळं झालं.

बायको ओरडली, "अहो, एवढं दाबलंत कशाला? मुळं जगणार कशी?"

सत्तरच्या दशकात, मी शाळेत असताना, आमचं मिठागर होतं. हंगामाआधी वडील आम्हा सगळ्यांना वाफ्यांत उतरवून चिखल तुडवायला लावायचे, तळ घट्ट होईपर्यंत. म्हणायचे, "पानी मुरलं तर मीठ न्हाय."

दुपारी चिडूनच खुरपं घेतलं, सगळं परत उकरलं. पाणी झरझर मुरलं. बायको खूश. मी मात्र अजून तिथेच घुटमळतोय, पाणी वाया गेल्यासारखं वाटतंय.

मिठागर जाऊन जमाना झाला. तुमचेही पाय अजून जुन्या कामावर जातात का हो?