जुन्या आवृत्तीसाठी तीन ओळी
एका मोफत ऑपरेटिंग सिस्टीमसाठी मराठी टायपिंगचं पॅकेज, म्हणजे त्यात बसवायचा छोटा प्रोग्राम, मी गंगापूर रोडवरच्या घरातून सांभाळतो. हरसूलच्या एका शिक्षिकेने कळवलं, शाळेतल्या संगणकांवर असलेल्या सिस्टीमच्या जुन्या आवृत्तीवर जोडाक्षर टाइप केलं की प्रोग्राम बंद पडतो. नव्या आवृत्तीत ती चूक मी केव्हाच सुधारली होती, म्हणून सरळ नवं पॅकेजच जुन्यासाठी पाठवलं. सिस्टीममध्ये येणारी पॅकेजेस तपासणाऱ्यांनी ते परत केलं: जुन्या आवृत्तीत फक्त दुरुस्ती चालते, नवं काही नाही. डोकंच फिरलं. इतरांना हाच नियम मी सुनावत आलो होतो! मग हट्टाने बसलो आणि नव्यातल्या दुरुस्तीच्या कोडच्या नेमक्या तीन ओळी जुन्यात बसवल्या.

काही दिवसांनी बाईंचा फोन आला. “सर, नवीन काहीच दिसत नाही हो. फक्त आता बंद पडत नाही.”

“बाई,” मी म्हटलं, “तेवढ्यासाठीच तर झगडलो.”