न्हाणीचा उतार

९ फेब्रुवारी २०२१. मेंढ्या एकेचाळीस, कुत्री दोन, माणसे चार.

त्या दिवशी लिंबागणेशजवळच्या वस्तीवरून मेंढ्या टेंपोत चढल्या. कुत्री टेंपोमागे पुलापर्यंत धावली आणि परत आली. माणसांची माजलगावात घर घेण्याची सोय झाली. साखराबाईचे वय तेव्हा एकसष्ट होते आणि त्यातली बावन्न वर्षे तिने मेंढरांमागे काढली होती. नवरा म्हाळू याची डावी बाजू अर्धांगवायूने गेली होती. त्याला सकाळी रानात बसवून आणायला दोन माणसे लागत, आणि त्याला या गोष्टीची लाज दुखण्याहून जड वाटे. मुलगा परमेश्वर साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. त्याने ठरवले की घर तळमजल्याचे घ्यायचे आणि संडास-न्हाणी आतच हवी, म्हणजे बाप भिंतीला धरून आपल्या पायाने जाईल. कळप विकला तो एवढ्यासाठी.

माजलगावातली ही घरे आदिनाथराव त्यांच्याच कापसाच्या रानावर बांधत होते. ते पंचायत समितीचे माजी सदस्य होते आणि सगळे त्यांना दादा म्हणत. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर घर तयार झाले. ताबा देण्यापूर्वीच्या तपासणीला त्यांचा इंजिनिअर छापील कागद घेऊन आला. नळ सोडून पाहिले, दिवे लावून पाहिले. न्हाणीपुढे त्याने ‘ठीक’ लिहिले, तेव्हा साखराबाईने तांब्याभर पाणी मागितले.

“आजी, फरशी धुवायची तर ताबा घेतल्यावर धुवा.”

“धूत न्हाई. बघते.”

मेंढरे बसवायची जागा निवडताना पाणी कुठे जाईल हे आधी पाहावे लागते. ओल साचली की खूर सडतात. बावन्न वर्षांत साखराबाई अशा जागेबाबत दोनदा चुकली होती, आणि ती दोन्ही वर्षे तिला सांगता येत. तिने पाणी ओतले. पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याकडे आले आणि तो ओलांडून म्हाळूची खाट ठेवायच्या खोलीत शिरले.

“हे उलटं हाय.”

“उलटं नाही आजी, थोडं फिनिशिंग बाकी आहे.”

“फिनिशिंग म्हंजी काय रं बाबा? जमीन उचलणार, का घर वाकडं करणार?”

सून सुकन्या तोंडाला पदर लावून हसली. इंजिनिअरने ‘ठीक’ खोडून ‘उतार पाहणे’ असे लिहिले. एकंदर अकरा दोष निघाले. पुढच्या महिन्यात खिडकीला कडी बसली आणि दाराला नव्याने रंग मिळाला. न्हाणी कोणी पाहिली नाही.

वास्तुशांतीचा मुहूर्त माघात निघाला होता. तो चुकला असता तर वैशाखापर्यंत थांबावे लागणार होते. दादांनी परमेश्वरला शब्द दिला, “कार्यक्रम उरकून घ्या, सोमवारी माणसं पाठवतो.”

“आधी पाणी, मग पाव्हणे,” साखराबाई म्हणाली.

“आई, सव्वाशे माणसांपुढं सत्कार घेऊन दादा शब्द मोडतेत व्हय? कायबी बोलतीस.”

दादा प्रमुख पाहुणे म्हणून आले. या जिल्ह्यात ज्याला शाल घातली त्याला त्याच मांडवात जाब विचारता येत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे तो बदलताही येत नाही. घरातला वडील माणूस म्हणून म्हाळूने उजव्या हाताने शालीचे एक टोक धरले, दुसरे परमेश्वरने. फेटा झाला, नारळ झाला, फोटो झाला. घरभर फिरून दादांनी घर उत्तम झाल्याचे सांगितले. ते न्हाणीच्या दाराजवळून दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा परमेश्वरच्या तोंडून चहाचे विचारले गेले.

पाहुणे पांगल्यावर साखराबाई म्हणाली, “फेटा बांधलास. आता मागायचं कोन्या तोंडानं?”

सोमवार गेला. परमेश्वरने आठ महिन्यांत दादांच्या कार्यालयात एकोणीस चकरा घातल्या. मग एक गवंडी आला आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर कडप्प्याची चार बोटे उंच पट्टी बसवून गेला. पाणी खोलीत येणे थांबले. ते न्हाणीतच साचू लागले. म्हाळूचा डावा पाय जमिनीवरून फरफटत येतो, चार बोटे उचलला जात नाही. तोपर्यंत तो ओल्या फरशीवरून का होईना, भिंत धरून एकटा जात होता. पट्टी बसल्यापासून परमेश्वर आणि सुकन्या त्याला दोन्ही बाजूंनी उचलून आत ठेवतात, आणि तो त्या वेळी डोळे मिटून घेतो. इंजिनिअरच्या कागदावर त्या तारखेला नोंद आहे, ‘दोष दूर केला.’

प्रकरण ग्राहक आयोगापुढे गेले. दादांच्या वकिलाने सत्काराचा फोटो दाखल केला.

“घरात दोष होता, तर सत्कार कशासाठी केला?” त्याने साखराबाईला विचारले.

“पाव्हणा दारात आल्यावर त्याला शाल द्यायची, का न्हाणी दाखवायची?” ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, “न्हाणीच दाखवायला पायजे व्हती. आमी भ्यालो.”

लिहून घेणाऱ्याने पहिले वाक्य लिहून घेतले.

आयोगाने दोन महिन्यांत न्हाणीचा उतार नव्याने करून देण्याचा आणि वीस हजार रुपये भरपाईचा आदेश दिला. ती मुदत संपून चौदा महिने झाले. परमेश्वरने घराची किंमत पूर्ण दिलेली आहे. आदिनाथरावांकडून उतार आणि वीस हजार रुपये येणे आहे.