माझ्या बोटाऐवजी

नातवंडांनो, माझे हात थरथरतात हे तुम्हाला माहीत आहे. पेल्यात अर्धाच चहा घेतला की माझं भागतं. सुईत दोरा ओवणं मी सोडून दिलं, त्याचंही फारसं दुःख नाही. पण मोबाइलशी तडजोड होत नाही. मी एकदा टेकवलेलं बोट त्याला तीनदा टेकवल्यासारखं वाटतं, आणि जरा जास्त वेळ टेकून राहिलं तर तो लगेच विचारतो, डिलीट करायचं का. रविवारी सकाळी, तुमच्याकडे परदेशात शनिवारची रात्र असते तेव्हा, तुम्हाला व्हिडिओ कॉल लावायचा म्हणजे माझी परीक्षाच असते.

दिवाळीला तुमचे बाबा जालन्याला आले तेव्हा त्यांनी हे पाहिलं. म्हणाले, "आई, आमच्या ऑफिसात फोन तपासतात ना, तेव्हा माणूस बोट लावतच नाही. प्रोग्राम लावतो. तुझ्या फोनमध्ये तसंच करून देतो."

मग त्यांनी स्वतःच्या बोटाने एकदा सगळं करून दाखवलं आणि फोनने ते लक्षात ठेवलं: इथे दाबायचं, इथून वर सरकवायचं, मग पहिल्या, म्हणजे तुमच्या नावाच्या, ओळीवर दाबायचं, मग कॅमेऱ्याच्या चित्रावर. रविवारी आठ वाजले की फोन आपला आपण हे सगळं करणार.

"तू फक्त समोर बस. फोनला हात लावू नकोस, मध्ये बोट लागलं तर गडबड होईल."

माझ्या घरात, माझ्याच फोनला हात लावू नकोस. मी ऐकून घेतलं, कारण तुम्ही दिसणार होता.

दोन रविवार तुम्ही दिसलातही. कुणाचं बोट नसताना पडदा सरकतो, बटणं दबतात, हे बघून अंगावर काटा यायचा, पण तेवढ्यात धाकटीचा चेहरा यायचा आणि मी विसरायचे.

तिसऱ्या रविवारी मी धपाटे केले होते. थोरल्याने विचारलं होतं ना, धपाटं कसं दिसतं म्हणून. ताटात धपाटे, बाजूला दही आणि ठेचा. फोन सकाळपासून स्टँडवर ठेवलेला, सांगितल्याप्रमाणे न शिवता. आठ वाजले, फोनने आपली कामं केली, आणि मी ताट कॅमेऱ्यासमोर धरून म्हटलं, "ओळखा बरं, आजीने काय केलंय?"

समोर माझी नणंद होती, कुंभार पिंपळगावची. डोक्यावर पदर, मागे ओसरीवर बायका बसलेल्या.

"वहिनी, काय दाखवून राह्यल्या?" ती म्हणाली. "आमच्या सासूबाई गेल्या पहाटे. मेसेज केल्ता की तुम्हाला."

तो मेसेज आल्यामुळेच तिची ओळ सगळ्यांत वर गेली होती, आणि प्रोग्रामला माणसं कळत नाहीत, फक्त जागा कळते. मी मेसेज वाचला नव्हता, कारण मला फोनला हात लावायचा नव्हता. मी ताट खाली ठेवलं, तरी फोन चालूच होता. शेवटी तिनेच बंद केला.

त्याच दिवशी मी गाडी करून भेटायला गेले. तुम्हाला सांगायला हवं, ज्या घरी माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. पिठलं-भाकरी भावकीतून येते. मी ओसरीवर जाऊन बसले, तर नणंदेची जाऊ माझ्याकडे न बघता शेजारणीला म्हणाली, "आमची चूल बंद, अन् ह्या फोनवरून ताट दाखवून राह्यल्या. तेबी दह्यासंगं."

"राहू द्या आता," नणंद म्हणाली. "मुद्दाम केलं का त्यांनी?"

"मुद्दाम न्हाई तर मंग फोन लावला कोणी?"

कुणीच लावला नव्हता. पण हे त्या ओसरीवर कसं सांगायचं?

परतल्यावर तुमच्या बाबांचा फोन आला, तेव्हा म्हटलं, हे काढून टाक.

"आई, चूक माझी आहे. मुलांची ओळ मी वर पक्की करून ठेवतो. पुन्हा असं होणार नाही."

"आणि वन्संचा मेसेज मी कधी वाचायचा? कॉल झाल्यावर?"

त्यावर ते काहीतरी नोटिफिकेशनचं सांगायला लागले. मी म्हटलं, काढ. त्यांनी तिथूनच काढलं.

मग मी फोनमधली इंग्रजी मदतीची पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. माझ्यासारख्या हातांसाठी त्यात सोय आहे: लागोपाठ लागलेल्या बोटांकडे दुर्लक्ष करायचं, आणि बोट बराच वेळ टेकलं तरच डिलीटचं विचारायचं. ती मी चालू केली. ही सोय तुमच्या बाबांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्यांना आईच्या बोटाला सवड देण्यापेक्षा बोटच बाजूला करणं सोपं वाटलं.

गेल्या रविवारी मी स्वतः कॉल लावला. दोनदा भलतीकडे गेला, तो मीच बंद केला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा धाकटी झोपून गेली होती. बाबा म्हणाले, "बघ, प्रोग्राम असता तर भेटली असती." ते खरं होतं.

तरी तो प्रोग्राम परत येणार नाही. धाकटीला शनिवारी दुपारी जरा झोपवा, आणि रात्री माझा फोन येईपर्यंत जागी ठेवा. मी लावतेच आहे.