हिरवा चुडा आणि उबवलेला कान

तळेगावच्या एका प्रयोगशाळेत मी कान उबवायचे. कोंबडी अंडी उबवते तसे, फक्त वर बसायची परवानगी नव्हती. माणसाच्या कानामागून कूर्चेचा, म्हणजे कानातल्या मऊ हाडाचा, बारीकसा तुकडा यायचा. त्यातल्या पेशी वाढवून कानाच्या आकाराच्या साच्यावर पसरायच्या आणि वेळच्या वेळी त्यांना गुलाबी पाणी पाजायचं. पुढे सर्जन तो कान बसवणार. मी तेव्हा पंचेचाळिशीची. घोरावाडी स्टेशनला लोकलमधून अशा थाटात उतरायचे, जणू मी एक दिवस नाही आले तर जगाचे कान गळून पडतील.

आत दागिना चालत नसे. मंगळसूत्र मी लॉकरमध्ये ठेवायचे. पण त्या आठवड्यात पुतण्याचं लग्न होतं आणि कासारणीने हिरवा चुडा इतका घट्ट भरला होता की निघेना. सासूबाईंनी बजावलेलं, लग्नाआधी बांगडी वाढवायची न्हाई. मग या हुशार बाईने बांगड्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, वर गाऊनची बाही ओढली, त्यावर हातमोजे. विज्ञानही खूश, सासूही खूश.

शनिवार होता. कुत्र्याने कान तोडलेल्या एका लहान मुलीचा नवा कान माझ्यापुढे उघड्या डिशमध्ये होता. तेवढ्यात वीज गेली. जनरेटर लागला, पंखे फिरले, पण दाराचं कुलूप अडकलं. मी काय केलं? झाकण न लावता दाराकडे पळाले आणि दोन्ही हातांनी ते ओढलं. दार हललं नाही. बांगडी पिचली आणि काच उजव्या मनगटात रुतली. मोज्यात ओल उतरत बोटांपर्यंत आली.

तेव्हा कुठे बाईंना कान आठवला. उजवा हात पाठीमागे धरून डाव्याने झाकण लावलं, डिश उबेच्या कपाटात ठेवली.

भिंतीवर लाल हँडल होतं. ते ओढलं की आतलं आणि बाहेरचं, दोन्ही दारं एकदम उघडतात. पण बाहेरची हवा आत आली की आतलं सगळं फेकायचं, असा नियम. म्हणजे त्या पोरीला पुन्हा टेबलावर झोपवायचं, पुन्हा तुकडा कापायचा.

काचेपलीकडून आमच्या प्रमुख मॅडम इंटरकॉमवर बोलत होत्या. दाराचा मेकॅनिक लोणावळ्याला एका हॉटेलात कामाला गेलेला आणि येताना पर्यटकांच्या गाड्यांत अडकलेला. मी बांगड्यांचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "ताई, गुदमरत असेल तर ओढा."

गुदमरतच होतं. मास्कमध्ये माझाच श्वास परत येत होता. नाक खाजवायचं नाही, मोजा काढायचा नाही, लघवीचं तर नावच नको. त्या खोलीत दिवस कळत नाही. पांढऱ्या भिंती आणि स्टूलवर मी, रक्ताळलेला हात वर धरून, शाळेत उत्तर येत असल्यासारखी. नजर सारखी हँडलकडे जायची. एकदा तर मी उठून उभीही राहिले.

उशीर होणार म्हणून मॅडमनी घरी फोन लावला आणि इंटरकॉमला धरला. मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, पोर कुणाची. म्हटलं, ठाऊक नाही.

"मग बस तितंच," त्या म्हणाल्या. "बांगड्या कासारीण परत भरील. पोरीचा कान कासारीण दील व्हय?"

मी बसले.

मेकॅनिक आला तेव्हा बाहेर अंधार पडला होता. बेसिनवर मॅडमनी एकेक बांगडी वाढवली आणि मनगटातली काच चिमट्याने काढली. पुढे तपासणीत डिशमध्ये जंतू निघाले नाहीत.

कान बसवल्यावर त्याचा फोटो आला, चेहरा झाकलेला. मी तो सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"पाळी जरा लांब पायजे व्हती," त्या म्हणाल्या. "झुबं शोबलं असतं."