खरंसांग मामा

समोरच्या माणसाचं ‘हॅलो’ पुरतं व्हायच्या आत मामा विचारायचे, “काय केलंस? खरं सांग. तुझ्या बायकोला नाय सांगणार मी.” परळपासून गिरगावपर्यंतच्या गॅरेजवाल्यांनी त्यांचं नाव ‘खरंसांग मामा’ पाडलं ते यावरूनच. आडनाव परब, राहायला लालबागला, आणि डोकं फिरलं की थेट मालवणीत. आमचं सर्व्हिस सेंटर प्रभादेवीला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीच्या तळमजल्यावर होतं. गाडीच्या स्टिअरिंगखाली जोडून बिघाड शोधणारा, हातात मावणारा स्कॅनर आमची कंपनी विकायची. तो बंद पडला की लोक आमच्याकडे यायचे. तक्रार कॉम्प्युटरवर भरायचं काम माझं आणि यंत्र जिवंत करायचं काम शेजारच्या टेबलावरच्या मामांचं.

‘खरं सांग’ला कारण होतं. या स्कॅनरला अधूनमधून अपडेट मारावा लागतो, म्हणजे त्याच्या पोटातला प्रोग्राम बदलावा लागतो. नाहीतर नव्या गाड्या त्याला ओळखता येत नाहीत. अपडेट चालू असताना वायर निघाली की यंत्र काळंठिक्कर पडतं. गॅरेजच्या भाषेत ‘डबा होतो’. हिंदमाताजवळच्या एका मेकॅनिकने एकदा आईची शपथ घेऊन सांगितलं, की हातसुद्धा लावला नाही, आपोआप बंद पडलं. मामा नुसते गप्प बसले. त्यांची ती शांतता फोनवरूनसुद्धा टोचायची. शेवटी पलीकडून आवाज आला, “मामा, मोबाईल चार्ज करायचा होता ना. वायर एकच आहे आपल्याकडे.”

“आता कसं बोललास! अरे, मेला नाय तो, बेशुद्ध पडलाय. दोन्ही बटणं दाबून धर, तशीच वायर लाव, आणि हिरवा दिवा लागेपर्यंत कोणी हाक मारली तरी ओ देऊ नको.” थोड्या वेळाने पलीकडे आनंदाचा आरडाओरडा झाला. मामांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, “शपथ आईची घेतात आणि वाट लावतात माझी.”

हेड ऑफिसला हे चालत नव्हतं. त्यांनी छापील संवाद पाठवले होते. आधी नमस्कार, मग दिलगिरी, मग ‘कृपया यंत्र बंद करून पुन्हा चालू करा’. मामांनी तो कागद चहाच्या कपाखाली घातला. म्हणाले, “बंद-चालू पंख्याला करतात.” वरून ताकीद आली, की परब ग्राहकांशी अरे-तुरे करतात. ज्यांच्याशी करायचे त्यांची कधी एक तक्रार नव्हती. उलट मी फोन उचलला की लोक म्हणायचे, मॅडम, राग नका मानू, पण मामांना द्या. एसीत बसून ज्यांनी जन्मात ग्रीसचा डबा उघडला नाही, त्यांनी या माणसाला बोलायला शिकवावं, याचा मला तेव्हाही संताप यायचा आणि आजही येतो.

मामांचा खरा हंगाम म्हणजे खंडेनवमी आणि दसरा. गॅरेजात पान्यापासून जॅकपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते, मग स्कॅनर कसा सुटेल? त्याला झेंडूचं फूल, अक्षता आणि वर हळदकुंकू. ते कुंकू नेमकं वायर लावायच्या भोकात जायचं. दसरा उलटला की आमच्या काउंटरवर लाल तोंडाच्या स्कॅनरांची रांग लागायची. मामा एक जुना टूथब्रश आणि स्पिरिटची बाटली घेऊन बसायचे आणि प्रत्येकाला झापायचे, “पूजा कर रे, जरूर कर. पण तोंडात कुंकू कोण भरतो? गणपतीच्या तरी भरतोस का?” मग स्वतःच्या खिशातली चिकटपट्टी काढून दाखवायचे. पूजेआधी भोकावर ही लावायची, पूजा झाली की काढायची. साफ केलेलं यंत्र परत देताना मात्र ते दोन्ही हातांनी द्यायचे.

त्या वर्षी कंपनीने नेमका दसऱ्याच्या तोंडावर नवा अपडेट सोडला. दसऱ्यानंतर स्कॅनर आले ते नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. मामांनी ब्रश फिरवला, दोन्ही बटणं दाबली, वायर बदलून पाहिली. स्क्रीनवरची पट्टी सरकत सरकत शेवटाला यायची आणि यंत्र डबा व्हायचं. दोन दिवस ते कोणावर ओरडले नाहीत, त्यावरूनच मला कळलं की काहीतरी वेगळं आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “वैशाली, ह्यात कुंकवाचा काय संबंध नाय गो. अपडेटच सडका आहे.”

मामांनी तसं वर कळवलं. उत्तर आलं, की सगळे स्कॅनर हेड ऑफिसला पाठवा, आम्ही तपासतो. परत आले तेव्हा प्रत्येकावर एकच शेरा होता: ‘पोर्टमध्ये लाल पूड आढळली. ग्राहकाचा गैरवापर. वॉरंटी रद्द.’ गैरवापर! वर्षभर ज्या यंत्राच्या जिवावर पोट भरायचं त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडले, तर तो गैरवापर. आमच्या शाखेच्या साहेबांच्या गाडीवर तेव्हा दसऱ्याचा हार सुकून लोंबत होता. त्यांना त्या शब्दाची काडीचीही लाज वाटली नाही.

आणि मग नायगावच्या वनितावहिनी आल्या. बीडीडी चाळींच्या मागच्या गल्लीत त्यांच्या यजमानांचं गॅरेज होतं. यजमान त्या मे महिन्यात अचानक गेले, तेव्हापासून एका जुन्या मेकॅनिकला हाताशी धरून वहिनीच ते चालवत होत्या. जुन्या गाड्या कानाने दुरुस्त होतात, नव्यांना स्कॅनर लागतो. तो बंद पडल्यापासून बांधलेली गिऱ्हाइकंसुद्धा गाडी वळवून दुसरीकडे जात होती. गॅरेज बंद करून जागा दे, म्हणून दीर मागे लागलेला. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. त्यांच्या स्कॅनरवरचा शेरा मी वाचून दाखवला. त्यांना वाटलं, माझ्या वाचण्यात चूक झाली.

“लाल पूड म्हणजे?”

“कुंकू, वहिनी.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “अगं, यंदा आमच्याकडे सण नाही. हे गेले ना. घरात देवाला नैवेद्य नाही केला मी, हत्यारांची पूजा कुठून करणार? कुंकू कोणी लावलं?”

मामांनी स्कॅनर माझ्या हातातून घेतला आणि उजेडात धरला. भोकात नुसती धूळ होती. मागचं सीलचं स्टिकरसुद्धा जसंच्या तसं, म्हणजे यंत्र कोणी उघडलंच नव्हतं. “मेल्यांनी उघडून पण बघूक नाय!” मामा एवढंच बोलले आणि वहिनींना घेऊन सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मीही मागोमाग गेले.

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “परब, तक्रार बंद झालेली आहे. सिस्टममध्ये आता काही बदलता येत नाही. ताईंनी नवीन यंत्र घ्यावं, आपण सवलत देऊ.”

मामांनी कपाटातून कोरा करकरीत स्कॅनर काढला, साहेबांच्या डोळ्यांदेखत खोक्याचं प्लास्टिक फाडलं, वायर त्यांच्याच कॉम्प्युटरला लावली आणि तोच अपडेट सुरू केला. आम्ही चौघं त्या सरकत्या पट्टीकडे बघत उभे. पट्टी शेवटाला आली आणि स्क्रीन काळी झाली.

“ह्याची पूजा कोणी केली?” मामांनी विचारलं. “खरं सांगा साहेब. तुमच्या बायकोला नाय सांगणार मी.”

वहिनींना तशा अवस्थेतही हसू फुटलं. साहेबांना ते हसू सगळ्यात जास्त झोंबलं असणार.

दुसऱ्या दिवशी मामांना यायची गरज नाही असं सांगण्यात आलं. कारण काय, तर कंपनीच्या मालाचा गैरवापर. तोच शब्द! दुसरा शब्द शोधायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. मामांनी टूथब्रश, स्पिरिट आणि चिकटपट्टी पिशवीत टाकली. मी रडायला लागले तर माझ्यावरच ओरडले, “तू कित्याक रडतंस? डबो माझो झालो काय?”

पुढे महिन्याभरात कंपनीने गुपचूप नवा अपडेट सोडला. सोबत एका ओळीची सूचना: ‘किरकोळ सुधारणा’. माफी नाही, चुकीची कबुली नाही, बंद केलेली एकही तक्रार पुन्हा उघडली नाही. किरकोळ! मी तो अपडेट उतरवून घेतला आणि लॅपटॉपसकट लालबागला मामांच्या घरी गेले. तिथून आम्ही नायगावला गेलो. मामांनी दोन्ही बटणं दाबून धरली, वायर लावली, आणि हिरवा दिवा लागेपर्यंत वहिनी हाक मारत होत्या तरी ओ दिली नाही. स्कॅनर जिवंत झाला. मग तशीच इतर गॅरेजंही त्यांनी एकेक स्कॅनर जिवंत करत पायी पालथी घातली, कोणी न सांगता. मी ती नोकरी सोडली, आणि मामा लवकरच कणकवलीजवळच्या त्यांच्या गावी राहायला गेले. जाताना म्हणाले, “तिकडे एक बरा आहे, तिकडे रेंजच येत नाय.”

यंदाच्या खंडेनवमीला वनितावहिनींनी मला गॅरेजवर बोलावलं. वर्ष उलटून गेलं होतं, सण पुन्हा सुरू झाला होता. पाटावर पाने, जॅक आणि मधोमध स्कॅनर, भोकावर चिकटपट्टी लावलेला. दीर दारात उभा होता. म्हणाला, “भटजींना येऊ दे. तू कशाला कुंकू लावतेस?” वहिनींचा हात कुंकवाच्या करंड्यावर थांबला. मग त्यांनी तो हात काढला आणि मोबाईल स्पीकरवर टाकून मामांना फोन लावला. रेंज होती, मामा खोटं बोलले होते. वहिनींनी विचारलं, “मामा, पट्टी लावलीय. पण मी लावू का कुंकू? लोक विचारतील.”

पलीकडून मामांचा आवाज सगळ्या गॅरेजात घुमला, “गॅरेज कोण चालवता?”

“मी.”

“मगे भरपूर लाव. आणि कोणी विचारल्यान, तर खरा सांग.”

वहिनींनी चिमूटभर कुंकू घेतलं आणि दिराकडे बघत स्कॅनरला लावलं.