आग मागं, डोळे पुढं

अण्णा कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी ते हुंगत. स्कूटर असो, मिक्सर असो, की मी शिकवते त्या शाळेतली बोअरची मोटार असो. डोळे मिटून, वाकून दोन लांब श्वास घ्यायचे आणि मगच पान्ह्याकडे हात न्यायचा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असल्यामुळे नवख्याला वाटे, म्हातारा पूजेला बसला. एकदा आमच्याकडे चहाला आले, तर कप तसाच ठेवून उठले, स्वयंपाकघरात शिरले आणि फ्रीजमागचा प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. प्लग अर्धा वितळला होता. आम्ही त्याच घरात राहत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

"आग आधी नाकाला कळती, मग डोळ्याला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस उदगीरकडचा, घरात कानडी. तरुणपणी नांदेडकडच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाच्या ढिगात ठिणगी शिरली की ती आतल्या आत धुमसत राहते, वर काही दिसत नाही. तिथं त्यांचं नाक तयार झालं. पुढे ते लातूरला आले आणि एका डाळमिलच्या मागे पत्र्याचं शेड टाकून जुन्या गाड्यांची इंजिनं दुरुस्त करू लागले.

माझ्या नवऱ्याचं औषधाचं दुकान आहे आणि त्याला जुन्या गाड्यांचं वेड आहे. दोन्ही गोष्टी मला लग्नाआधी ठाऊक होत्या, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण एके दिवशी तो कॅम्पर व्हॅन घेऊन दारात उभा राहिला. धरणाच्या कामावर आलेला कोणी परदेशी इंजिनिअर ती मागे ठेवून गेला होता. आत बाकं, शेगडी आणि मागच्या बाजूला पलंग. आमची सहा वर्षांची मनू लगेच त्या पलंगावर जाऊन झोपली. गाडी तपासायला बोलावलेल्या अण्णांनी मागचं झाकण उघडलं, हुंगलं आणि मला म्हणाले, "बाई, लेकरू इंजिनावर झोपलंय."

खरंच, त्या गाडीचं इंजिन मागे होतं, पेट्रोलचं, आणि मधे फक्त एक फळी. मी त्याच क्षणी जाहीर केलं की आगीचा बंदोबस्त झाल्याशिवाय माझी मुलगी या गाडीत बसणार नाही. नवरा हो म्हणाला, पण घाई नडली. अण्णांना न विचारता त्याने स्वतःच एक आपोआप फुटणारी बाटली आणून इंजिनवर टांगली. पावडर भरलेली, तोंडाशी काचेचा फुगा. अडुसष्ट अंशांना फुगा फुटतो आणि पावडर पडते. ऐन मे महिन्यात तो एकटाच रेणापूरला चक्कर मारायला गेला. गाडी थांबवून भजी खात होता, तेवढ्यात मागे फट्‌ झालं आणि आगीचा पत्ता नसताना सगळं इंजिन पांढरंफेक पडलं. लोक विचारायला लागले, पीठ कुठून आणलं म्हणून.

अण्णा रागावले नाहीत. दोन दिवस खपून त्यांनी कार्बोरेटर पावडरीतून मोकळा केला. मग एका गुऱ्हाळातून, काकवीची उष्णता पाहतात तो थर्मामीटर मागून आणला आणि तारेने इंजिनाशेजारी बांधला. भर दुपारी गाडी पुन्हा रेणापूरला न्यायला लावली. या खेपेला मीही होते. तिथं पोचल्यावर नवरा वाकून आकडा पाहू लागला, तर अण्णांनी त्याला चहा सांगायला पाठवलं. दहा मिनिटांनी स्वतः झाकण उचललं. पारा नव्वदच्या वर होता.

"चालती गाडी वारा खाती, साहेब," ते म्हणाले. "थांबली की पंखा बंद, अन् मग ताप चढतो. तुम्ही बाटली निवडलात लातूरच्या हवेला. निवडायची असती इंजिनाच्या पोटाला."

मग नांदेडच्या एका दुकानात आमची मिरवणूक गेली. दुकानदार एकेक बाटली पुढे करी आणि अण्णा "बेडा" म्हणत. कानडीत बेडा म्हणजे नको. पावडर बेडा, ती कार्बोरेटर खाते. छोटी बाटली बेडा. इंजिनाची खोली त्यांनी फूटपट्टीने मोजून आणली होती. शेवटी दुकानदार घामाघूम झाला, तेव्हा त्याने गॅसची बाटली काढली. तिला एक लांब प्लास्टिकची नळी असते. नळी इंजिनाभोवती फिरवायची. जिथं ज्वाळा लागेल तिथंच ती फुटते आणि गॅस नेमका आगीवर जातो. नळी किती तापाला फुटते हे अण्णांनी तीनदा विचारलं. उत्तर नव्वदच्या बरंच वर होतं. तरी समाधान नाही. बाटली फुटली की चालकापुढे भोंगा वाजला पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. इंजिन बंद केलं नाही तर त्याचा पंखा सगळा गॅस बाहेर फेकून देणार. "आग मागं, डोळे पुढं. सांगणार कोण?" असं त्यांचं म्हणणं. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

बाटली बसवून झाल्यावर मला वाटलं, सुटलो. पण पुढचे चार रविवार त्यांनी डाळमिलच्या आवारात आमची कवायत घेतली. ते बटण दाबून भोंगा वाजवत. नवऱ्याने इंजिन बंद करायचं, मी मनूला खाली उतरवायचं, मनूने मोजून वीस पावलं जायचं. आणि मुख्य नियम, इंजिनाचं झाकण कोणी उघडायचं नाही. तळहात टेकवून चटका बसेनासा होईपर्यंत नाही. मनूला तो खेळ वाटे. तिसऱ्या रविवारी नवरा कंटाळला आणि म्हणाला, एवढं काय त्या झाकणाचं? अण्णांनी डाव्या हाताची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी सुरकुतलेली होती.

"जिनिंगच्या गोदामात वास आला. शटर बंद होतं, आग आत मरत आली होती. मी बघायला म्हणून शटर उघडलो, वारा आत शिरला." बाही खाली ओढत म्हणाले, "मी तिला जेवू घातलो, साहेब. सगळं गोदाम गेलं."

त्यानंतर चौथा रविवार आम्ही मुकाट्याने केला.

पुढच्या वर्षी अण्णांचे हात थरथरू लागले आणि त्यांची लेक त्यांना बीदरला घेऊन गेली. आम्ही पावसाळा संपता संपता सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला निघालो. मनू मागे झोपली होती, नुकतीच उठून माझ्याजवळ आली होती. इस्लापूरच्या अलीकडे, खड्ड्यांच्या रस्त्यावर, भोंगा वाजला.

नवऱ्याने इंजिन बंद केलं. मी मनूला उतरवलं, ती मोठ्याने आकडे म्हणत चालू लागली. झाकणाच्या फटींतून पांढुरका धूर आणि जळक्या रबराचा वास येत होता. शेजारच्या सोयाबीनमधून माणसं धावत आली. बिचारी मदतीलाच आली होती. एकाच्या हातात पाण्याची घागर होती, दुसऱ्याने झाकणाच्या मुठीला हात घातला. आणि मग माझा नवराही पुढे झाला. चार रविवार विसरून. मी धावत गेले आणि झाकणासमोर हात पसरून उभी राहिले.

"कोणी हात लावायचा न्हाई," मी म्हणाले. वर्गात मुलांचं 'न्हाई' सुधारणारी मी, त्या दिवशी माझ्या तोंडून अण्णाच बोलले.

लोकांना मी वेडी वाटले असणार. पण मी हलले नाही. धूर पातळ झाला. मी तळहात टेकवला, चटका बसला, पुन्हा थांबले. तिसऱ्या खेपेला हात टेकून राहिला, तेव्हा झाकण उघडलं. पेट्रोलच्या पाइपची क्लिप ढिली होऊन वीतभर पाइप जळला होता. नळीला फुटून भोक पडलं होतं, बरोबर त्याच्या वरच. आणि फळीच्या खालच्या अंगाला ताटलीएवढा काळा डाग. बस, तेवढाच. वर मनूची उशी पांढरी होती. मी रस्त्यावर बसून रडले आणि घागरवाल्याने तेच पाणी मला प्यायला दिलं.

पुढच्या रविवारी रिकामी बाटली पिशवीत घालून आम्ही तिघं बीदरला गेलो. अण्णांनी आधी विचारलं, नव्या बाटलीशिवाय गाडी काढलात का? एसटीने आलो म्हटल्यावर चेहरा निवळला. मग सगळी हकीकत ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "झाकण कोण उघडलं?"

"कोणीच न्हाई, अण्णा. गार होईपर्यंत उघडू दिलं न्हाई मी."

त्यांनी बाटली मांडीवर घेतली आणि सवयीने हुंगली. मग उठून देवळीतली विभूती घेतली, तीन बोटांनी बाटलीवर पट्टे ओढले आणि तीच बोटं माझ्या कपाळाला लावली.

"आज गोदामाचं ते शटर बंद झालं, बाई," अण्णा म्हणाले.